पुढचं वजन

बावीस नॉटच्या पुढे गेली की उड्या मारते,
होल्गर म्हणाला, आणि टोपी काढून काउंटरवर ठेवली,
जणू होडीची नाही, त्याचीच तपासणी व्हायची होती.

चल, दाखव, म्हटलं.
जूनची रात्र, अकरा वाजलेले, तरी उजेड जायचं नाव घेईना.
दोन बेटांमधलं पाणी निवांत पडलेलं,
आयडर बदकं पिल्लांना घेऊन काठाकाठानं.
वीसपर्यंत होडी शहाण्यासारखी गेली.
बावीसला नाळ उचलली, आपटली,
उचलली, आपटली,
दावं तोडलेलं खोंडच.
माझे दात दातांवर, हत्यारांची पेटी या फळीवरून त्या फळीवर,
आणि होल्गर हँडल धरून सरळ समोर बघत बसलेला,
सवय झालेल्या माणसासारखा.

लाट नसताना आपटते.
म्हणजे दोष पाण्याचा नाही, एवढं तरी ठरलं.

सकाळी धक्क्यावर ओढली, मोटर उतरवली, होडी उलटी केली.
तळावर दोन मीटरची पट्टी आडवी धरून
गाल फायबरला टेकवला,
पट्टीखालून कुठे उजेड येतो का बघत.
मागे जरासा फुगवटा असला तरी होडी त्यावर डोलते,
बाबांनी शिकवलेलं.
फुगवटा नव्हता. एक ओरखडा होता, लांब, जुना.
हा कसला?
एव्हर्टनं खडकावर घातली होती. एकोणनव्वद साली.
मग बराच वेळ तो नुसताच पाण्याकडे बघत राहिला.

पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे,
नांगर, साखळी, कॉफीचा थर्मासही मागे,
सगळं होल्गरच्या हाताशी.
एकट्या माणसाच्या घरात
चष्मा, रेडिओ, गोळ्यांची डबी
खाटेजवळ सरकत येतात, तसं.
मी टाकी मधल्या बाकाखाली नेली.
मोटरची खीळ दोन भोकं आत घेतली,
म्हणजे नाळ जरा खाली दबेल.
दबली. पंचविसापर्यंत.
सव्विसाला पुन्हा तेच.

पुढे काय असायचं?
काही नाही.
तीस वर्षं नीट धावली ना ही?
धावली.
मग पुढे काय असायचं, होल्गर?

एव्हर्ट बसायचा.

भांडण सगळ्या बेटाला ठाऊक होतं,
खडकापलीकडच्या जाळ्याच्या जागेवरून, चार उन्हाळे झाले.
दोन घरं, एकच धक्का,
एक डावीकडून उतरतो, दुसरा उजवीकडून.
मी मोटरी दुरुस्त करते.
विचारलं फक्त, वजन किती?
ऐंशी. जेवल्यावर ब्याऐंशी.

हिवाळ्यात बर्फावर टाकायची वाळू शेडमध्ये पडून होती,
चाळीस किलोची दोन पोती. पुढच्या बाकाखाली कोंबली.
हे घे ऐंशी.
होल्गरनं पोत्यांकडे पाहिलं.
हा कमी बोलतो, म्हणाला.

तीस नॉट. होडी इस्त्रीसारखी फिरली.
बिलात वाळू लावली नाही.

सप्टेंबरात स्ट्रॉमिंग काठाजवळ आले, बर्च पिवळे पडले,
आणि होल्गर पोती घेऊन परत आला.
लागत नाहीत आता.
मी ती शेडच्या मागे टाकली.
तो धक्क्यापर्यंत गेला, पुन्हा मागे फिरला.
टोपी हातात.
पंचविसाच्या पुढे अजून थोडी उडते.

मी होडीकडे पाहिलं.
पुढच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं,
कॉलर वर, कोट दोन मापं मोठा.
किती? मी हळूच विचारलं.
अठ्ठावन्न. दवाखान्याच्या काट्यावर. बूट घालून.

एका पोत्याचं तोंड सोडलं, निम्मी वाळू ओतून काढली,
साखरगाठ मारली.
वीस झाले. बावीस हवे होते.
नांगराची साखळी पुढे सरकवली, दोनाचा हिशेब तिथे लागला.

पोतं मी एव्हर्टच्या पायाशी ठेवलं.
त्यानं वळून पाहिलं नाही.
पाय मात्र जरा बाजूला घेतले,
जागा केली.